बसायला जागा

पुणे,
३ डिसेंबर २०२३

ती. नीलकंठकाकांना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी चष्मा शोधाल, आणि मग काकूंना हाक मारावी की नाही याचा विचार करत दारातच थांबाल, असं मला इथे बसून दिसतंय. फोन केला नाही. फोनवर तुम्हाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नव्हती.

आमच्या ऑफिसला रायपूरच्या विद्यापीठाचं काम मिळालं आहे. ग्रंथालय आणि मुख्य इमारत यांच्यामध्ये ते मोठं सिमेंटचं प्रांगण आहे ना, ते नव्याने करायचंय. झाडं, पावसाचं पाणी, चालायच्या वाटा, बसायच्या जागा, सगळं. बागा आणि मोकळ्या जागांचं काम आमच्याकडे मीच बघते, त्यामुळे ते माझ्या टेबलावर आलं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

शिशिर आणि मी कायद्याने वेगळे झालो त्याला आता दीड वर्ष होईल. कामासाठी मला रायपूरला यावं लागेल, पण समता कॉलनीत तुमच्याकडे येणार नाही. सहा वर्षं ज्या घरात सून म्हणून वावरले तिथे पाहुणी म्हणून कोणत्या खुर्चीत बसायचं, ते मला कळणार नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढ्यासाठीच लिहिलं. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

काकूंना नमस्कार.

ऋता


रायपूर,
११ डिसेंबर २०२३

चि. ऋता, तुला आशीर्वाद, आणि त्याच्याआधी एक रागावणं.

'काका' काहून? कोर्टाने तुझी आणि शिशिरची गाठ सोडली. त्या कागदावर माझी सही कुठे होती? सगळी नोकरी विम्यात काढली मी. पॉलिसी बंद करायची तर दोन्हीकडच्या सह्या लागतात. माझी नाही, म्हणजे आपली पॉलिसी चालू आहे. मी बाबा होतो, बाबाच राहीन. पुढच्या पत्रात चूक दुरुस्त कर.

आता तुझं प्रांगण. तिथे मी रोज संध्याकाळी फिरायला जाऊन राहिलो. (तू हसायचीस ना या 'जाऊन राहिलो'ला? हस.) मला झाडातलं काही कळत नाही. कडुनिंब आणि आंबा सोडला तर बाकी सगळ्यांना मी 'झाड' म्हणतो. पण माणसं पाहायची सवय आहे. त्या प्रांगणाच्या मधून कोणी जात नाही. पोरंपोरी भिंतीला चिकटून जातात, जिथे इमारतीची हातभर सावली पडते तिथून. मध्ये एक झेंड्याचा खांब, आणि कधी एखादी गाय. डिसेंबरात ही गत, मे महिन्यात तर चप्पल चिकटते.

घरी सगळं ठीक. शिशिर अजून सिलतऱ्याच्या प्लांटमध्येच आहे, मजेत आहे. सुनीतीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती 'हं' म्हणाली आणि मेथी निवडत बसली. त्या 'हं'चा अर्थ मला लग्नापासून आजवर लागलेला नाही, पण खूश नव्हती एवढं खरं.

तुला तिथलं काही पाहून हवं असेल तर सांग. रिकामा आहे, आणि फुकट आहे.

बाबा


पुणे,
२२ जानेवारी २०२४

ती. बाबा,

दुरुस्ती केली. लिहिताना पेन थोडं थांबलं, मग चाललं.

मी येऊन गेले. दोन दिवस होते. तुमच्या फिरण्याच्या वेळेआधी प्रांगणातून निघायचे. हे सांगितल्याशिवाय पुढचं लिहवत नाही, म्हणून सांगितलं. रागावलात तरी वाचा.

विद्यापीठाच्या समितीच्या मनात काय आहे ते पहिल्याच बैठकीत कळलं. हिरवं लॉन, रंगीत दिव्यांचा फवारा आणि दोन्ही बाजूंना पामची रांग. लॉनवर कुणी पाय ठेवायचा नाही, फवाऱ्याला टँकरचं पाणी, आणि पामची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. माझ्या मनात वेगळं आहे. निम्मं सिमेंट फोडायचं, खालची जमीन मोकळी करायची. चालायला इथलीच चुनखडीची फर्शी, मध्ये फटी ठेवून, म्हणजे पाणी खाली जाईल. झाडं इथलीच, करंज, कुसुम, कडुनिंब आणि कौहा. कौहा म्हणजे अर्जुन, तो तुम्ही बूढ़ातालाबाकडे पाहिला असेल.

तुमची मदत हवी आहे. आत्ता, काहीच सोय नसताना, मुलं कुठे बसतात? मी दोन दिवसांत जे पाहिलं त्यावर माझा विश्वास नाही. तुम्ही रोज जाता.

ऋता


रायपूर,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. ऋता,

रागावलो. मग वाचलं. कोणत्या हॉटेलात उतरली होतीस ते विचारत नाही, विचारलं तर जास्त रागवीन.

तुझं काम मनावर घेतलं आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जाऊन पाहिलं. आधी वाटलं, सोपं आहे, सावली तिथे माणूस. तसंच तुला लिहून टाकणार होतो. पण ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दुपारनंतर छान सावली येते आणि तिथे फक्त मुलं बसतात. मुली गेल्या कुठे? त्या सापडल्या मागच्या जिन्याखाली, जिथे मोडक्या खुर्च्या टाकल्या आहेत. डबे खाऊन राहिल्या होत्या.

त्यातली एक पूर्णिमा म्हणून आहे, धमतरीची, एम. ए. करते. तिचे आजोबा मराठी बोलायचे. तिला सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. मी विचारलं, "बेटा, इथे अंधारात काहून बसली? बाहेर पायऱ्यांवर हवा आहे."

ती म्हणाली, "अंकल, वहाँ बैठो तो लगता है स्टेज पर बैठे हैं। सब देखते हैं।"

"आणि इथे?"

"यहाँ पीठ के पीछे दीवार है।"

एवढंच म्हणाली आणि मला डब्यातली बेसनाची ठेठरी दिली. मी घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होतो. आपल्या घरात तुझी खुर्चीसुद्धा भिंतीकडे पाठ करून असायची. मी समजत होतो, पंख्याखाली म्हणून.

घरी सगळे मजेत. सुनीतीचा गुडघा तेवढा कुरकुर करतो.

बाबा


पुणे,
१५ मार्च २०२४

ती. बाबा,

तुमच्या पूर्णिमेच्या त्या वाक्याने माझे महिनाभराचे नकाशे रद्द झाले, आणि मला इतका आनंद क्वचित झाला आहे. मी बाकं मोकळ्यावर ठेवली होती, सगळीकडून दिसतील अशी, सुंदर. आता बसायच्या जागा कडेच्या झाडांत शिरल्या आहेत. पाठीशी कमरेएवढी दगडी भिंत, तिच्यामागे झुडपं, डोक्यावर झाड. समोरून उजेड आणि येणारं-जाणारं दिसेल, पण बसणारा कुणाच्या नजरेत राहणार नाही. तीन-चार जणी डबा खाऊ शकतील एवढी एकेक जागा.

आणि मध्यभागी, फवाऱ्याऐवजी, एक खोलगट बाग. दोन्ही गच्च्यांचं आणि फर्शीवरचं पावसाचं पाणी उतारानं तिथे येईल, खस आणि लव्हाळ्यात थांबेल आणि जमिनीत जिरेल. जोराच्या पावसात तिथे एखादा दिवस तळं दिसेल. ते तसंच दिसायला हवं.

मे महिन्यात समितीची बैठक आहे, तिथे हो किंवा नाही ठरेल. एप्रिलच्या भर दुपारी त्या सिमेंटवर कसं वाटतं, ते तुम्ही कधी जाता-येता पाहिलं असेल तर दोन ओळी लिहा. बैठकीत सांगायला बरं पडेल.

मीही येऊन गेले, दोनदा. हॉटेल तेच.

ऋता


रायपूर,
२९ एप्रिल २०२४

ऋता,

हे पत्र मी, सुनीती, लिहून राहिले. यांना माहीत नाही.

गेल्या सोमवारी दुपारी हे तुझ्या त्या प्रांगणात जाऊन बसले. पाणी नाही, छत्री नाही, डोक्याला रुमाल नाही. काहून, तर तू विचारलं होतंस की तिथे कसं वाटतं. कसं वाटतं ते कळलं, चक्कर येऊन पडले. पूर्णिमा म्हणून पोट्टी आहे, तिने आणि तिच्या मैत्रिणीने उचलून ग्रंथालयात नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, ऑटोत घालून कॉलनीतल्या दवाखान्यात आणलं. दोन दिवस सलाइन होती. आता बरे आहेत. पन्हं पिऊन राहिले आणि डॉक्टरला विम्याचं महत्त्व सांगून राहिले. घाबरू नको.

मी रागवायला लिहिलं आहे, पण यासाठी नाही. ते त्यांच्याच डोक्याचं ऊन आहे.

तू रायपूरला तीनदा आलीस आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरलीस. समोरच्या शेवंताची मुलगी तिथे काउंटरवर बसते, तिने सांगितलं. लोकांना वाटतं, हेही तेच समजतात, की तू शिशिरला सोडून गेलीस म्हणून मी नाराज आहे. नवरा-बायकोचं तुमचं तुम्ही पाहिलंत. मी मध्ये पडले का? एक शब्द बोलले का? पण सहा वर्षं एका ओट्याशी आपण दोघींनी स्वयंपाक केला. तू यांना पानं पानं लिहितेस, आणि मला खाली एक ओळ. 'काकूंना नमस्कार.' पुढच्या पत्रांत तर तीही नाही. मी 'हं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

फोन करता आला असता मला. फोनवर मी रडले असते आणि तुला वाटलं असतं, यांच्यासाठी रडून राहिली.

हॉटेलात पैसे घालू नको. ये.

सुनीती


पुणे,
४ जून २०२४

ती. आई आणि बाबा,

आठ दिवस कसे गेले कळलं नाही. गाडीत बसल्यावर डबा उघडला तर आई, तुम्ही पोळ्यांच्या खाली आणखी पोळ्या ठेवल्या होत्या. समोरच्या बर्थवरचं कुटुंबही जेवलं.

आई, मी दारात आले तशी तुम्ही बॅग हातातून घेतलीत आणि पोळपाट माझ्याकडे सरकवलंत. कोणत्या खुर्चीत बसायचं, याचा विचार करायला वेळच मिळाला नाही. शिशिर त्या आठवड्यात मुद्दाम प्लांटच्या क्वार्टरवर राहिला, ते मला समजलं. एक दिवस जेवायला आला आणि आम्ही उन्हाबद्दल बोललो. लग्नात असताना इतकं निवांत बोललो नव्हतो.

बैठकीचं मी घरी पूर्ण सांगितलं नाही. तुमच्यासमोर सांगता आलं नाही, आता सांगते. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, झाडं मोठी व्हायला दहा वर्षं लागतील. फवारा उद्घाटनाच्या दिवशीच उडतो." सगळे हसले. माझ्याकडे तापमानाचे तक्ते होते, पाण्याचा हिशेब होता, दुसऱ्या शहरांतली छायाचित्रं होती. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "पिछले महीने इसी फर्श पर मेरे पिताजी गिरे थे।"

आधी काय म्हणायचं ठरवलं नव्हतं. 'सासरे' म्हणायला गेले असते तर पुढे 'होते' की 'आहेत' यावर अडकले असते. तोंडातून आलं ते आलं. मग कुणी हसलं नाही. कुलसचिवांनी विचारलं, अब कैसे हैं? मी म्हटलं, ठीक आहेत, पण त्यांना उचलून न्यायला मुलींना ग्रंथालयापर्यंत जावं लागलं, वाटेत कुठे सावली नव्हती.

मंजूर झालं, बाबा. दोन पाम मात्र ठेवावे लागले, दारापाशी. एवढं त्यांचं ऐकलं.

ऋता


रायपूर,
२० जानेवारी २०२५

चि. ऋता,

सिमेंट फुटून राहिलं आहे. आठवडाभर असा आवाज होता की मलाही ऐकू आला. खालून लाल मुरूम निघाला, इकडे त्याला भाटा म्हणतात, इतका दडपलेला की कुदळ उडून येते. मग तुझ्या माणसांनी खोल खणून खडी भरली. करंजाची आणि कौह्याची रोपं आली आहेत, माझ्या खांद्याएवढी. पाम दोनही लागले. सूट घालून चुकीच्या लग्नाला आल्यासारखे उभे आहेत.

सुनीती आता माझ्याबरोबर येते. काठी टेकत येते, फर्शीच्या थप्पीवर बसते आणि माळ्याला सांगते की आळं मोठं कर. तो "हव दाई", म्हणजे हो आई, म्हणतो आणि त्याला करायचं तेवढंच करतो. पूर्णिमा पीएच. डी.ला लागली, येता-जाता भेटते.

शिशिर मजेत. खूपच मजेत.

बाबा


पुणे,
१२ मार्च २०२५

ती. बाबा,

रोपांची पानं आठवड्यातून एकदा पाण्याने धुवायला सांगा. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ बसली की पान गुदमरतं. हे मी लिहून दिलं आहे, पण लिहिलेलं कोण वाचतं.

एक भीती तुम्हालाच सांगते, ऑफिसात बोलता येत नाही. तो खोलगट भाग. तुम्ही म्हणता तसा मुरूम इतकी वर्षं सिमेंटखाली दडपलेला आहे. आम्ही खणून खडी भरली, बादल्या ओतून पाहिलं, पाणी जिरलं. पण बादली वेगळी आणि जुलै वेगळा. नाही जिरलं तर ते डबकं होईल, डास होतील, आणि लोक म्हणतील, फवारा काय वाईट होता? मग तिथे पुन्हा सिमेंट येईल आणि पुढची पंचवीस वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही.

जुलैत मला येता येणार नाही. लक्ष ठेवा. उन्हात नाही.

आईंना वेगळं पत्र लिहिलं आहे. ते तुम्ही उघडू नका.

ऋता


रायपूर,
९ जुलै २०२५

चि. ऋता,

आधी शेवट सांगतो म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. जिरलं. आता सावकाश वाच.

रविवारी रात्रभर आणि सोमवारी सकाळी असा पाऊस झाला की कॉलनीतल्या स्कूटर तरंगल्या. उघडल्यावर आम्ही दोघं प्रांगणात गेलो. तुझ्या खोलगट बागेचं तळं झालं होतं, गुडघाभर. खस नुसती शेंड्यांनी वर. पोरं फोटो काढत होती. आणि काठाला इमारत विभागाचे साहेब, मुरुमाने भरलेला टिप्पर घेऊन. गुरुवारी मोठे पाहुणे येणार, त्यांना डबकं दिसता कामा नये, आत्ताच्या आत्ता बुजवा.

मी गेलो समजवायला. म्हटलं, एक दिवस थांबा, जमिनीत जाईल. ते काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही. मी मोठ्याने बोललो, ते अजून मोठ्याने बोलले. मग ते फोनवर बोलायला इमारतीत गेले आणि ड्रायव्हर टिप्पर मागे घ्यायला लागला.

वळून पाहतो तर सुनीती जागेवर नाही. ती काठी टेकत टेकत गेली होती आणि तळ्याच्या कडेच्या त्या बुटक्या भिंतीवर, बरोबर टिप्परच्या मागे, जाऊन बसली होती. पदर नीट केला, काठी आडवी मांडीवर घेतली.

ड्रायव्हर उतरला आणि हिला थोडं सरकायला सांगू लागला. "दाई, थोरिक घुच जा."

हिने त्याच्याच बोलीत सांगितलं, "हव बेटा, फेर उठे नइ सकंव. माड़ी पिराथे." उठता येत नाही म्हणत दुखरा गुडघा चोळून दाखवला.

तो बिचारा उभाच राहिला. म्हातारीला हात कसा लावायचा? पूर्णिमा ग्रंथालयातून धावत आली, छत्री घेऊन हिच्याशेजारी बसली. मग आणखी दोघी. मग ओळखीपाळखी नसलेल्या किती तरी. कोणी घोषणा नाही दिल्या, काही नाही. नुसत्या बसल्या, आणि एकीने शेंगदाण्याची पुडी उघडली.

साहेब परत आले. "माताजी, उठिए। सरकारी काम है।"

"हाँ साहब, हाथ दीजिए।" त्यांनी हात दिला. ही अर्धी उठली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा खाली बसली. "नहीं होता। घुटना अटक गया।"

साहेबांनी मुलींकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. जेवायची वेळ झाली होती. म्हणाले, कल सुबह भर देना, आणि गेले.

मी हिच्या कानाशी जाऊन विचारलं, "खरंच दुखून राहिलं का?"

म्हणाली, "तुमाले काय वाटते?"

मला काय वाटायचं! मला तर तुझं मार्चचं पत्र आठवत होतं. नाही जिरलं तर ही उद्या पुन्हा बसणार, आणि परवा? मंगळवारी उजाडताच गेलो. पाणी होतंच. पण गुडघ्यावरचं घोट्यावर आलं होतं, भिंतीवर ओला पट्टा दिसत होता. साहेबांना तो पट्टा दाखवला. ते वाकून पाहत राहिले. "संध्याकाळपर्यंत थांबू," म्हणाले. संध्याकाळी नुसता चिखल, आणि खस उभी, जशी काही झालंच नाही. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून वर पाठवला. खाली स्वतःचं नाव टाकलं असेल, टाकू दे.

पूर्णिमाने सुनीतीला स्कूटीवर घरी सोडलं. तेव्हापासून माझ्याबरोबर चालत यायला ही तयार नाही.

करंजाची तीन रोपं गेली, ती बदलावी लागतील. बाकी जोमात.

घरी सगळे मजेत. शिशिरही मजेत.

बाबा


पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबा,

पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आई, आमच्या साहेबांनी उभं राहून तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

बाबा, आता तुमचं लपवणं पुरे. शिशिर इतका मजेत कधीच नव्हता, त्यामुळे मला आधीच शंका आली होती. जूनमध्ये त्याने स्वतः फोन करून सांगितलं. ईरा भिलाईची आहे, बँकेत आहे, आणि लग्न डिसेंबरात आहे. तो सांगताना चाचरत होता. मी मनापासून म्हटलं, छान झालं. फोन ठेवल्यावर थोडं रडले, पण ते दुःखाचं नव्हतं. माझ्यामुळे एक चांगला माणूस उगाच एकटा पडला होता, ते ओझं उतरलं.

आता मला जे म्हणायचंय ते तुम्हाला आवडणार नाही. काम संपलं. देखभालीचं इथून पाहता येईल. ईरा त्या घरात येईल तेव्हा तिला ते घर पूर्ण तिचं वाटायला हवं. ओट्यापाशी आधीच्या सुनेच्या गोष्टी निघाल्या, पोस्टाने आधीच्या सुनेची पत्रं आली, तर ती काही बोलणार नाही, पण तिला पाठ टेकायला जागा राहणार नाही. म्हणून हे पत्र शेवटचं धरा. या दोन वर्षांत मला जे मिळालं ते पुष्कळ आहे. ते सांभाळून ठेवीन.

आई, गुडघ्याचं मनावर घ्या. खरंच दुखत असेल तर.

तुमची
ऋता


रायपूर,
२ नोव्हेंबर २०२५

ऋता,

तुझं पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोरे-बासी, तो पाण्यातला शिळा भात, मागितली, तेव्हा मी समजले, ठीक आहेत. मी लगेच लिहिलं नाही, कारण मला आधी ईराला विचारायचं होतं.

दिवाळीला ती आली होती. तिला म्हटलं, चल, तुला एक जागा दाखवते. प्रांगणात घेऊन गेले. आता डोक्यावर गेलेल्या कौह्याखालच्या भिंतीला टेकून बसलो आणि मी तिला सरळ सांगितलं की हे कोणी केलं, ती आमची कोण, आणि ती आता पत्र लिहायचं बंद करून राहिली, तुझ्यासाठी. पोट्टीने भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, या घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही ना, त्याचीच मला जास्त भीती वाटते. वाटतं, एवढं काय झालं होतं की कोणी बोलतसुद्धा नाही? उद्या माझं काही बिनसलं तर माझंही नाव असंच पुसून टाकतील का?"

ऐकलंस? तू तिला जागा करून द्यायला निघालीस, आणि तुझ्या जाण्याने तीच घाबरून राहिली.

तर आता मी सांगते तसं कर. लग्नाला येऊ नको. मांडवात शंभर नातेवाईक, कोणी काही बोललं तर तुलाही लागेल आणि तिलाही. संक्रांतीनंतर ये, पाहुणे पांगले की. ईरा म्हणाली, मला त्यांना भेटायचं आहे. शिशिरला विचारलं, तो म्हणाला, तुम्ही ठरवा, मी तिला आवडते ती हरभऱ्याची भाजी दोन दिवस आणून देईन. कोणी विचारलं ही कोण, तर काय सांगायचं ते मी पाहून घेईन. तुला त्याचं कारण नाही. पत्रं चालू ठेव. मला वेगळं, यांना वेगळं.

एक सांगायचं राहिलं. परवा दुपारी मी तिथे एकटीच गेले होते. हे बँकेत गेले होते, मी आपली बसले. एक मुलगी आली. मी तिला कधी पाहिली नव्हती. पाठीवर मोठी बॅग, परीक्षा देऊन आली असावी, डोळे सुजलेले. माझ्याशेजारी बसली, भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. हळूहळू तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ना मी तिची कोणी, ना ती माझी. ऊन पानांतून खाली येऊन राहिलं होतं, पण तिच्या तोंडावर नाही. माझा खांदा अवघडला, पाय बधिर झाला. समोरून हे आले आणि लांबूनच हात करून विचारायला लागले, काय झालं, चल. मी तोंडावर बोट ठेवलं.

हे मुकाट्याने पलीकडे बसले. ती उठेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.

सुनीती